घर भाड्याने देताना आणि घेताना : महाराष्ट्रातील नियमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका गृहनिर्माण संस्थेचे दप्तर अनेक वर्षे सांभाळताना असे लक्षात आले की, मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की घरमालक आणि भाडेकरू दोघेही ठरावीक प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांतले निम्मे प्रश्न करारावर सही होऊन गेल्यानंतर विचारले जातात. पुढील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील राहत्या घरांना लागू आहेत. वाद न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे दिसू लागली असतील, तर आपली कागदपत्रे वकिलांना दाखवावीत.

भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार यांत नेमका फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना भाडेकरारच म्हणतो, घेणाऱ्याला भाडेकरूच म्हणतो आणि दरमहा दिल्या जाणाऱ्या रकमेला भाडेच म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील भाडेपट्ट्याने घेणाऱ्याला त्या जागेत हक्क मिळतो, म्हणजे मालकी मालकाकडे राहिली तरी ठरलेल्या काळापुरता उपभोगाचा अधिकार भाडेकरूकडे जातो. याउलट लिव्ह अँड लायसन्स ही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील केवळ परवानगी आहे. घर मालकाच्याच कायदेशीर ताब्यात असते आणि दुसऱ्याला ठरलेल्या मुदतीपर्यंत तेथे राहू दिलेले असते. ही परवानगी नसती, तर त्याचे तेथे राहणे अतिक्रमण ठरले असते.

हा भेद महाराष्ट्रात इतका महत्त्वाचा का झाला, याला इतिहास आहे. जुन्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात, म्हणजे १९४७ च्या कायद्यात, पुढे १५-अ हे कलम घालण्यात आले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून खोली दिली होती, त्यांच्या घरात कायमचे भाडेकरू तयार झाले. ‘भाड्याने दिले की घर गेले’ ही आजोबांच्या तोंडची भीती तेव्हापासूनची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमाने राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सच्या जागा परत मिळवण्याची स्वतंत्र, तुलनेने जलद वाट करून दिली. म्हणूनच आज शहरांतील जवळपास सर्व घरे लिव्ह अँड लायसन्सवरच दिली जातात.

करार अकराच महिन्यांचा का करतात? तसा नियम आहे का?

नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळण्यासाठी लोक अकरा महिन्यांवर थांबू लागले आणि सवयीचा पुढे नियम झाला. महाराष्ट्रात आता मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते, त्यामुळे अकरा महिन्यांमागचे मूळ कारण उरलेले नाही. लिव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. त्याहून अधिक मुदत ठेवल्यास मुद्रांक शुल्क भाडेपट्ट्याच्या दराने आकारले जाते. मुले शाळेत असलेल्या कुटुंबाला दरवर्षी घर बदलायला लावण्यापेक्षा, दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढ लिहून दोन किंवा तीन वर्षांचा एकच करार करणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे असते. तरीही अनेक मालक अकराच महिन्यांवर अडून बसतात. एजंटाला दरवर्षी नव्याने दलाली मिळते, हेही त्यामागचे एक कारण असावे, असा माझा समज आहे.

कराराची नोंदणी सक्तीची आहे का, आणि ती कोणी करायची?

सक्तीची आहे. १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम याबाबत संदिग्धता ठेवत नाही. लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मालकाला खरा फटका मात्र याच कलमातील दुसऱ्या तरतुदीमुळे बसतो. नोंदलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दरमहा अठरा हजार ठरले होते असे मालकाने म्हणावे आणि भाडेकरूने बारा हजार म्हणावेत, तर सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. घर लायसन्सवर दिले होते की कायमच्या भाड्याने, असाही वाद उभा राहू शकतो आणि तो अधिक गंभीर असतो. हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी लाखमोलाच्या फ्लॅटबाबत हा धोका पत्करणारी माणसे अजूनही भेटतात.

स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार चालत नाही का?

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. सही करणारी माणसे आपल्यासमोर आली होती, एवढेच नोटरी सांगतो. ५५ व्या कलमाची पूर्तता त्याने होत नाही.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किती येतो?

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. या एकूण रकमेत तीन गोष्टी येतात : संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम घेतली असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्क्यांनी काढलेले व्याज. दरमहा २०,००० रुपये भाडे, एक लाख रुपये डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असे उदाहरण घेऊ. भाड्याचे २,२०,००० रुपये होतात आणि डिपॉझिटवरील अकरा महिन्यांचे व्याज साधारण ९,१६७ रुपये होते. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्क्याने पावणेसहाशे रुपयांच्या आसपास शुल्क येते. त्याखेरीज नोंदणी शुल्क महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे.

भाडे नाममात्र ठेवून मोठी अनामत घेण्याची जी ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत मुंबईत दिसते, तिच्यातही व्याज हिशेबात धरले जात असल्याने शुल्क चुकत नाही. हा खर्च कोणी करायचा हे कायदा सांगत नाही. बहुतेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटून घेतात. एजंटाने सांगितलेला आकडा मात्र शासकीय शुल्क आणि त्याची फी असा वेगवेगळा विचारून घ्यावा.

ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते म्हणतात, ती प्रत्यक्षात कशी होते?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सेवेत कराराचा मसुदा भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचे आणि मालक, घेणारा व दोन साक्षीदार यांची ओळख आधारवर आधारित अंगठ्याच्या ठशाने पटवायची, असा तो क्रम आहे. प्रत्यक्षात बहुतेक लोक हे काम एजंटाकडे सोपवतात. तो लॅपटॉप, वेबकॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र पिशवीत घेऊन घरी येतो, जेवणाच्या टेबलावर सारे मांडतो, आणि वीस मिनिटांत काम होईल म्हणतो. ज्येष्ठ घरमालकांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे यंत्र ते पुन्हा पुन्हा नाकारते. मग ओल्या रुमालाने बोट पुसणे, अंगठ्याऐवजी तर्जनी लावून पाहणे, असे प्रकार चालतात आणि वीस मिनिटांचा तास होतो. ठसा जुळलाच नाही, किंवा कोणाकडे आधार नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करावी.

या गडबडीत एक गोष्ट राहून जाते. पडद्यावरचा मसुदा कोणी वाचत नाही. एजंटांचे मसुदे आधीच्या करारांवरून उचललेले असतात, त्यामुळे आधीच्या एखाद्या घराचा पार्किंग क्रमांक किंवा चटई क्षेत्रफळ तसेच राहिलेले मी दोनदा पाहिले आहे. अंगठा लावण्यापूर्वी मुदत सुरू होण्याची व संपण्याची तारीख, भाडे, अनामत रक्कम, नोटिशीचा कालावधी आणि मिळकतीचे वर्णन एवढे तरी स्वतः वाचावे. नोंदणी झाल्यावर मिळणारी पीडीएफ प्रत दोघांनीही जपून ठेवावी. बँक, पारपत्र कार्यालय, गॅस जोडणी आणि शाळाप्रवेश या सर्व ठिकाणी तीच लागते.

डिपॉझिट किती घेता येते? दोन महिन्यांहून अधिक घेणे बेकायदा आहे असा संदेश फिरतो आहे.

तो संदेश केंद्राच्या आदर्श भाडेकरार अधिनियमावरून तयार झालेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या त्या मसुद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे. परंतु तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो आणि लिव्ह अँड लायसन्सच्या अनामत रकमेला त्यात कमाल मर्यादा नाही. ती रक्कम दोघांनी ठरवायची असते.

डिपॉझिटमधून काय कापता येते, आणि मालकाने ते परतच दिले नाही तर?

थकलेले भाडे, न भरलेली वीज व गॅसची बिले आणि घेणाऱ्याच्या हातून झालेले नुकसान एवढेच कापता येते. नेहमीच्या वापराने होणारी झीज हे नुकसान नव्हे. तीन वर्षांत भिंतीचा रंग उडणारच, परंतु फोडलेले वॉश बेसिन ही वेगळी बाब आहे. घर सोडताना सरसकट ‘पेंटिंगचे’ म्हणून एक महिन्याचे भाडे कापण्याची जी प्रथा पडली आहे, तिला करारात स्पष्ट अट असल्याशिवाय आधार नाही. घेणाऱ्याने सही करतानाच अशी अट आहे का ते पाहावे.

रक्कम परत करण्याचा दिवस करारात लिहून घ्यावा. चावी परत देणे आणि डिपॉझिट परत मिळणे एकाच वेळी घडावे, अशी अट सर्वांत सोयीची ठरते. पैसे अडवून ठेवले गेले, तर आधी वकिलामार्फत नोटीस पाठवावी आणि नंतर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा. त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. लायसन्सच्या जागा परत मिळवून देण्यासाठी १९९९ च्या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे फक्त जागेच्या ताब्याचा विषय चालतो, डिपॉझिटच्या वसुलीचा नाही.

सोसायटीची परवानगी लागते का? अविवाहितांना घर देऊ नका, असे सोसायटी सांगू शकते का?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपली सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी घेण्याची आवश्यकता नाही. मात्र संस्थेला आगाऊ लेखी कळवणे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडणे अपेक्षित आहे. संस्थेने उपविधींची कोणती आवृत्ती स्वीकारली आहे, हे कार्यालयात विचारून घ्यावे.

संस्थेचा खरा अधिकार बिनभोगवटा शुल्कापुरता आहे, म्हणजे सभासद स्वतः न राहता सदनिका दुसऱ्याला देतो तेव्हा आकारल्या जाणाऱ्या शुल्कापुरता. सहकार विभागाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरले जात नाहीत. समजा महिन्याचे बिल साडेतीन हजारांचे आहे आणि त्यातील सेवाशुल्क दोन हजार आहे, तर कमाल शुल्क दोनशे रुपये होते. संपूर्ण बिलावर दहा टक्के लावणाऱ्या संस्था कमी नाहीत. सभासदाच्या कुटुंबातील व्यक्ती, विवाहित मुलगी किंवा नातवंडे राहत असतील, तर हे शुल्क लागत नाही. सदनिका नुसती बंद असेल, तरीही लागत नाही.

अविवाहित, विद्यार्थी किंवा अमुक आहार घेणारे लोक यांना मनाई करणारी कोणतीही तरतूद आदर्श उपविधींत नाही. रात्री उशिरा होणाऱ्या गोंगाटाचा त्रास खरा असेल, तर त्या गोंगाटाविरुद्ध कारवाई करावी. सरसकट ठराव करून सभासदाच्या मिळकतीचा वापर अडवणे संस्थेच्या अधिकारात बसत नाही. हे मी संस्थेच्या बाजूने बसलेला असूनही लिहितो आहे, कारण अशा ठरावांवरून निबंधकांकडे गेलेल्या तक्रारींना उत्तरे देण्यात कार्यकारिणीचेच महिने वाया जातात.

पोलिसांना कळवले नाही तर काय होते?

मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढून भाडेकरूची माहिती देणे मालकावर बंधनकारक करतात. त्याचे उल्लंघन हा गुन्हा ठरतो. माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते, त्यासाठी चौकीत हेलपाटे घालण्याची गरज नाही. घेणारी व्यक्ती परदेशी नागरिक असेल, तर ती आल्यापासून २४ तासांत तिची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवण्याचे वेगळे बंधन आहे.

मुदत संपली, तरी समोरची व्यक्ती घर सोडत नाही. आता काय करावे?

या ठिकाणी कलम २४ उपयोगी पडते. मुदत संपल्यावर ताबा परत देणे लायसन्सधारकावर बंधनकारक आहे. त्याने तो न दिल्यास मालकाला नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिले आहे, तो त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे ‘आमचे तोंडी पाच वर्षांचे ठरले होते’ असा बचाव येथे सहसा टिकत नाही.

समन्स मिळाल्यावर लायसन्सधारकाने तीस दिवसांच्या आत बचाव करण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून ताब्याचा आदेश होतो. या आदेशावर अपील नाही, केवळ नव्वद दिवसांच्या आत पुनरीक्षण अर्ज करता येतो. कागदावर ही वाट आखूड आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि समन्स बजावण्यातच वेळ जातो, हेही मालकाने गृहीत धरावे.

मालकांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. मुदत संपते, नूतनीकरण ‘या महिन्यात करू’ म्हणून राहून जाते आणि भाडे खात्यावर येत राहते. सात-आठ महिन्यांनी खटका उडतो. तेव्हा हातात मुदत संपलेला करार असतो आणि त्यानंतर बिनतक्रार स्वीकारलेल्या भाड्याच्या नोंदी बँकेच्या पासबुकात असतात. समोरचा वकील त्या नोंदींवरच बोट ठेवतो. करार संपण्याच्या दोन महिने आधीची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवावी आणि नवा करार तरी करावा किंवा घर रिकामे करण्याबाबत लेखी कळवावे. मुदतीनंतर पैसे घ्यावेच लागले, तर ते भाडे म्हणून नसून भरपाईपोटी आणि हक्क राखून घेतले आहेत, असे त्याच दिवशी लेखी कळवावे.

तोवर मालकाने कुलूप बदलले किंवा वीज-पाणी तोडले तर?

तसे करू नये. मुदत संपली असली, तरी राहणाऱ्याला बळाने बाहेर काढता येत नाही. कायदेशीर मार्गाखेरीज ताबा काढून घेतला गेल्यास, ती व्यक्ती विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकते, आणि तेथे मालकी कोणाची हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. भाडेकरूच्या बाबतीत अत्यावश्यक सेवा तोडण्यास १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ ने मनाई केलेली असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पोलीसही ताबा मिळवून देत नाहीत. ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ते सांगतात, आणि या बाबतीत ते बरोबरच असते.

मुदतीआधी घर सोडायचे किंवा सोडायला लावायचे असेल तर?

याचे उत्तर करारातच असते. साधारणपणे एक महिन्याची नोटीस असते आणि सुरुवातीच्या काही महिन्यांचा ‘लॉक-इन’ असतो, म्हणजे त्या काळात घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागते. ही अट दोघांना सारखीच लागू आहे की फक्त घेणाऱ्याला, हे जरूर पाहावे.

एखादी व्यक्ती बारा वर्षे राहिली की घर तिच्या नावावर होते, हे खरे आहे का?

नाही. बारा वर्षांची गोष्ट प्रतिकूल कब्जाची आहे, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे केलेल्या कब्जाची. जी व्यक्ती मालकाच्या परवानगीने राहते आणि दरमहा त्यालाच भाडे देते, तिचा कब्जा प्रतिकूल होत नाही, मग वर्षे बारा होवोत की बावीस.

आमचे घर जुन्या पागडीचे आहे. आम्हाला यांतले काय लागू होते?

लिव्ह अँड लायसन्सविषयी वर लिहिलेले जवळपास काहीच लागू होत नाही. आपण कायद्याच्या पूर्ण अर्थाने भाडेकरू आहात. गिरगाव-दादरच्या चाळी, पुण्यातील पेठांमधले वाडे आणि तेथील वर्षानुवर्षांची बिऱ्हाडे यांचे हे वेगळे जग आहे. १९४७ च्या कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले होते. दुरुस्तीला पुरेल एवढेही भाडे मालकाच्या हाती येईना आणि इमारती खचत गेल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी झाल्याचे म्हटले आणि त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्यानुसार अशा भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते.

भाडे देण्याची तयारी आहे आणि अटी पाळल्या जात आहेत, तोवर पागडीच्या भाडेकरूला सहसा काढता येत नाही. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याज आणि खर्चासह भरली, तर ताब्याचा हुकूम होत नाही. ताबा मागण्याची इतर कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, कायमचे बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, मालकाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज असणे ही त्यांतली मुख्य होत. स्वतःच्या गरजेच्या कारणावर न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करते.

आणखी एका कारणाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. योग्य कारणाशिवाय जागा सलग सहा महिने न वापरणे हेसुद्धा ताबा मागण्याचे कारण आहे. मुले उपनगरात गेली, आई-वडील त्यांच्याकडे राहायला गेले आणि चाळीतली खोली कुलूपबंद राहिली, तर मालक विजेच्या बिलांवरचे शून्य युनिट न्यायालयात दाखवतो.

भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळते. म्हणून शिधापत्रिका, आधार आणि मतदार यादीतील पत्ता त्या खोलीचा असणे महत्त्वाचे ठरते. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ते मनीऑर्डरने पाठवून परत आलेल्या पावत्या जपून ठेवाव्यात. ‘भाडे देण्यास तयार होतो’ हे दाखवायला त्या उपयोगी पडतात. भाडे घेतल्यावर पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पागडीची रक्कम घेऊन भाडेहक्काचे हस्तांतरण करण्यास १९९९ च्या कायद्याने, कलम ५६ नुसार, मान्यता दिली आहे. त्यापूर्वी हे व्यवहार चोरीछुपे होत असत.

दुकान किंवा कार्यालय लायसन्सवर दिले तरी कलम २४ लागू होते का?

नाही. कलम २४ राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतेच आहे. दुकानाच्या ताब्यासाठी न्यायालयातच जावे लागते. मुंबईत ते लघुवाद न्यायालय असते. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण मिळत नाही.

करार चालू असताना मालकाने घर विकले तर राहणाऱ्याचे काय?

लिव्ह अँड लायसन्स असेल, तर नवा मालक त्या परवानगीने आपोआप बांधला जात नाही. भाडेपट्टा असेल, तर बांधला जातो. दोन प्रकारांतील फरक घेणाऱ्याला जाणवतो तो अशा वेळी, म्हणून विक्री झाल्यास किती दिवसांची नोटीस मिळेल आणि डिपॉझिट कोण परत करेल, हे करारात लिहून घ्यावे.

मुलगा अमेरिकेत आहे आणि पुण्यातील फ्लॅट त्याच्या नावावर आहे. करार आम्ही करू शकतो का? कराचे काय?

मुलाने आपल्या नावे कुलमुखत्यारपत्र दिलेले असेल, तर करू शकता. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे आणि येथे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे.

कराबाबत येथे घेणाऱ्याचीही जबाबदारी असते आणि ती बहुतेकांना माहीत नसते. मालक निवासी भारतीय असेल, तर महिन्याला ५०,००० रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या व्यक्तीने दोन टक्के कर कापायचा असतो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोनवर आला. मालक अनिवासी असेल, तर ५०,००० रुपयांची ही सूट नाही. भाडे पंधरा हजार असले, तरी बऱ्याच चढ्या दराने कापणी करावी लागते, आणि ती न केल्यास विचारणा घेणाऱ्याकडे होते. मालकाला करपात्र उत्पन्न मोजताना महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते. नोकरदार भाडेकरू वर्षाला एक लाखाहून अधिक भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट मागत असेल, तर त्याला मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. तो द्यायला मालक का-कू करत असतील, तर त्याचे कारण ओळखणे कठीण नाही.

हे नियम गोव्यात चालतात का?

नाही. गोव्यात इमारतींच्या भाड्याविषयीचा १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. मुंडकार हा भाडेकरू नव्हे, म्हणून तेथील जुने घर घेण्यापूर्वी या दोन्ही बाबी तपासाव्यात.

ताबा देण्याच्या दिवशी काय करून घ्यावे?

दोघांनी मिळून घरातून एक फेरी मारावी. किती पंखे आहेत, गिझर चालू आहे का, पडद्यांचे रॉड, किचन ट्रॉलीचे रुळ, बाथरूमच्या छताला ओल आहे का, हे पाहून वस्तूंची यादी करावी आणि तिच्यावर दोघांनी सही करावी. फुटलेली टाइल, खिडकीची अडकलेली काच आणि भिंतीवरचे खिळ्यांचे भोक यांचे फोटो तारखेसह काढावेत आणि त्याच संध्याकाळी एकमेकांना पाठवावेत. वीजमीटरचे आकडे टिपून घ्यावेत. मीटर जिन्याखालच्या खोलीत असतो आणि शेजाऱ्यांचे मीटर त्याच फळीवर असतात, म्हणून ग्राहक क्रमांक बिलाशी ताडून पाहावा. आमच्या इमारतीत एका भाडेकरूने चौदा महिने शेजारच्या मीटरचे बिल भरले होते. दोघांचाही वापर जवळपास सारखा असल्याने ते कोणाच्याच लक्षात आले नाही आणि घर सोडताना हिशेब करायला आम्हा चौघांना दोन रविवार बसावे लागले. मुख्य दाराच्या किती चाव्या दिल्या, लेटरबॉक्सची दिली की नाही, हेही त्याच यादीत लिहावे.